पियानोची खंडेनवमी

आमच्या घरात हलणाऱ्या प्रत्येक वस्तूला खंडेनवमीला हळद-कुंकू लागतं. विळा, खुरपं, स्कूटर, शिलाई मशीन, मिक्सर. यादी दरवर्षी वाढते, कारण आमचे दादा कशालाच नाही म्हणत नाहीत. दादा म्हणजे माझे वडील. पण अख्खं घर आणि अर्धी गल्ली त्यांना दादाच म्हणते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी वाय-फायच्या डबड्याला झेंडूचा हार घातला होता. "ते कुठं हलतंय, दादा?" असं मी विचारलं, तर म्हणाले, "दिवं हलत्यात की." त्या दिवशी नेट चांगलं चाललं, हे कबूल करायला हवं.

तर यंदा घरात पियानो आला होता. त्याचं काय होणार हे मला आधीच कळायला हवं होतं. पण मला गोष्टी आधी कळत असत्या तर हे लिहायची वेळच आली नसती.

पियानो उभा, कपाटासारखा, काळपट तपकिरी. तो छावणी भागातल्या टीचरांचा. माझी मुलगी नवव्या वर्षापासून त्यांच्याकडं शिकते, आता चौदाची आहे. टीचर सत्तरीच्या पुढच्या. एकट्या राहायच्या, आता घर आवरून गोव्याला लेकीकडं चालल्या होत्या. तिथल्या दमट हवेत पियानो टिकणार नाही म्हणून त्यांनी तो माझ्या मुलीला द्यायचं ठरवलं. पण अट घालून.

"आत्ता घेऊन जा," त्या म्हणाल्या. "दसऱ्यानंतरच्या रविवारी मी चहाला येते. ही वाजवेल, मी ऐकेन. तुमच्या घरी तो खुशीत दिसला तर हिचा. नाहीतर शाळावाले माझ्या मागं लागलेच आहेत, सोमवारी टेम्पो पाठवतील."

नव्या नवरीला दोन आठवड्यांनी माहेरची माणसं बघायला येतात ना, तसलाच प्रकार. फरक इतकाच की इथं नवरीचं वजन अडीच क्विंटल. पडेगावच्या आमच्या रो-हाऊसमध्ये ती चढवायला सहा माणसं लागली. "खांदा द्यायला पण चारच लागत्यात, सायेब," असं त्यातला एक म्हणाला आणि पायरीवर बसून पाणी प्यायला. मुलीनं मात्र त्या दोन आठवड्यांत पियानोवर हात ठेवायच्या आधी साबणानं हात धुवायला सुरुवात केली. जेवायच्या आधी ती तेवढं करत नाही.

खंडेनवमीला मी कंपनीत होतो. शेंद्र्याला एका कंपनीत मी मेंटेनन्स बघतो. रोज अख्खं शहर आडवं कापून जायचं आणि दिवसभर बंद पडलेल्या मशीनसमोर कंबरेवर हात ठेवून उभं राहायचं, ही माझी नोकरी. त्या दिवशी आमच्याकडंही मशीनची पूजा असते. पेढा खाऊन, कपाळाला गंध लावून मी घरी आलो, तर हॉलमध्ये पियानोच्या कपाळालाही गंध. आपट्याची पानं, दोन हार, उदबत्ती. आणि झाकण उघडं.

"झाकण का उघडलं, दादा?"

"देवाचं तोंड झाकून पूजा करत्यात व्हय?" दादा म्हणाले. "दात दिसले पायजेत."

त्या दातांवर त्यांनी हळद वाहिली होती, कुंकू वाहिलं होतं, आणि मूठभर अक्षता. नारळ ते पियानोच्याच कडेवर फोडणार होते, पण माझी बायको वेळेवर आडवी आली आणि नारळ पायरीवर फुटला. बायको सरकारी दवाखान्यात नर्स आहे. संकट येण्याआधी तीस सेकंद तिला कळतं. अक्षतांचं मात्र तिलाही कळलं नाही. तिनं फडक्यानं त्या पुसल्या. पुसल्या म्हणजे काय, अर्ध्या फडक्यात आल्या आणि अर्ध्या पट्ट्यांच्या फटींत गेल्या.

मुलगी क्लासवरून आली, साबणानं हात धुतले, बसली. तिला वाजवायचं होतं ते गाणं तीन मात्रांचं, झोका घेतल्यासारखं. दादा त्याला "तीन पायाचा बैल" म्हणतात. बैल चार पावलं चालला आणि बसला. तीन पट्ट्या खाली गेल्या त्या वर येईनात.

"दादाऽऽ!" मुलगी ओरडली.

"आरं, तांदूळ हायत ते," दादा म्हणाले. "खाऊन घेतल त्यो."

इथं एखाद्या शहाण्या माणसानं काय केलं असतं? फटीतून पोस्टकार्ड फिरवलं असतं, तीन दाणे काढले असते आणि पुरणपोळी खाल्ली असती. मी म्हणालो, "थांबा. कुणी हात लावू नका. उद्या सुटी आहे, मी बघतो."

"अहो, गिझर पण तुम्हीच बघितला होता," बायको म्हणाली. त्या गिझरच्या दुरुस्तीनंतर आमच्या बाथरूमचा नळ सहा महिने झिणझिण्या देत होता. मी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

दसऱ्याच्या सकाळी मी पियानो उघडला. पुढची फळी निघाली, वरचं झाकण मागं गेलं आणि मी खरं सांगतो, माझा हात कपाळाला गेला. इतकं सुंदर मशीन मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं. मला आता त्याची रचना पाठ आहे, आणि घरात ती कुणी ऐकून घेत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

बाहेर दिसते ती पांढरी पट्टी म्हणजे नुसती जीभ. खरी पट्टी हातभर लांब लाकूड असते, मधोमध एका खिळ्यावर तोललेली, बागेतल्या सी-सॉसारखी. तुम्ही पुढचं टोक दाबलं की मागचं टोक वर जातं. ते वरच्या एका लाकडी हाताला उचलतं. त्या हातावर बोटाच्या पेराएवढा एक ठोकळा उभा असतो, तो हातोडीच्या बुडाला धक्का देतो. हातोडी म्हणजे बारीक दांडा आणि त्याच्या डोक्यावर नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, जाड टोपी. ती जाऊन तारेवर आपटते. त्याच वेळी तारेवर दाबून बसलेली नमद्याची एक बारकी उशी बाजूला होते, म्हणजे तारेचं तोंड मोकळं. पट्टीवरचं बोट काढलं की उशी परत तोंडावर, बोलणं बंद. आमच्या घरात ही सोय माणसांसाठी का नाही, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

असं अठ्ठ्याऐंशी वेळा, ओळीनं. नुसत्या हातोड्या बघितल्या तर शाळेची प्रार्थनेची रांग.

आणि प्रत्येक हातोडीच्या बुडाशी एक सांधा. सुईएवढी पिन, तिच्यावर हातोडी डुलते. मी सांधे नखानं हलवून बघितले. कोरडे ठणठणीत. आमच्या कंपनीत पहिल्या दिवशी शिकवलेली एकच गोष्ट मला आजवर आठवते: जे हलतं ते तेल मागतं. मी स्कूटरच्या डिकीतून तेलाचं स्प्रेचं डबडं आणलं आणि डावीकडून सुरुवात केली. फुस्स. फुस्स. फुस्स. वीस-पंचवीस हातोड्या झाल्यावर डबडं संपलं. बाकीच्या हातोड्या वाचल्या त्या माझ्या अकलेमुळं नव्हे, डबडं लहान होतं म्हणून.

तांदळाचे दाणे? ते मी विसरलो. ते जिथल्या तिथं होते.

पण संध्याकाळपर्यंत तेल घातलेल्या हातोड्या लोण्यासारख्या चालत होत्या. मी मुलीला म्हणालो, "बघ. तीन पट्ट्यांचं उद्या बघू, पण बाकीच्यांचा फरक बघ." ती खूश झाली. बायको झाली नाही. तिला तीस सेकंद आधी कळतं, हे सांगितलंच.

शुक्रवारी सकाळी मुलीनं खालच्या सुरांचा एक चढता तुकडा वाजवला. सात हातोड्या वर गेल्या आणि वरच राहिल्या. रेशन दुकानाच्या भिंतीला माणसं टेकून उभी राहतात तशा, तारेला टेकून, निवांत. बाकीच्या तेलकट हातोड्या परत येत होत्या, पण सरकारी वेगानं.

मुलगी रडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आईला म्हणाली, "मम्मी, पप्पांना सांग, परवा रविवार आहे."

तिथून पुढं तिचं माझ्याशी बोलणं आईमार्फत सुरू झालं. "मम्मी, पप्पांना सांग, त्यांच्या पायाखाली माझी वही आहे." मी तिथंच उभा असायचो.

मी कंपनीत पोट बिघडल्याचं कळवलं आणि पियानोसमोर बसलो. पियानोच्या झाकणाच्या आत एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. वर्षातून एकदा सूर लावायला येणाऱ्या पुण्याच्या माणसाचा फोन नंबर. मी लावला. पियानो कुणाचा, कुठला, हे त्याला दोन वाक्यांत कळलं. तो टीचरांना वीस वर्षं ओळखत होता.

"काय झालंय?" त्यानं विचारलं.

"थोडं तेल घातलं."

पलीकडं कप बशीवर आपटल्याचा आवाज आला.

"कुठं?"

"हातोड्यांच्या सांध्यांना."

"कुठलं तेल?"

"कंपनीतलं. चांगलं असतं. आम्ही आमच्या प्रेसला तेच..."

"काका," तो म्हणाला. आवाजावरून तो माझ्याच वयाचा होता, पण रागात माणूस समोरच्याला काका करतो. "तुमची प्रेस लोखंडाची आहे. ह्या पिनेभोवती लोकरीचं कापड असतं. लोकर. ती तेल पिते आणि फुगते, आणि पिनेला आवळून धरते. तुम्ही स्वेटरला तेल घालता का?"

मी नाही म्हणालो. दादा मागून म्हणाले, "टोपडं घालायच्या आधी बाळाच्या टाळूला घालत्यात की." मी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"टीचरांना सांगू नका," मी म्हणालो. "रविवारी येणार आहेत. मुलीचा पियानो जाईल हो."

त्या माणसानं एक मोठा श्वास सोडला आणि मग उपाय सांगितला. मधलं सगळं यंत्र, हातोड्यांसकट, चार स्क्रू काढून अखंड बाहेर येतं. ते टेबलावर ठेवायचं. मेडिकलमधून स्पिरिट आणायचं, आणि तेल लागलेल्या प्रत्येक सांध्यावर एक एक थेंब. "थेंब, काका. वाटी नाही. मग हातोडी वीस वेळा हलवायची, वाळू द्यायची, परत थेंब. तात्पुरतं चालेल. नंतर मी येऊन नीट करतो. आणि आता उघडलंच आहे तर पट्ट्या काढून खालचं झाडून घ्या. काय सांडलंय खाली?"

"अक्षता," मी म्हणालो.

"लग्न लावलं काय?" असं विचारून त्यानं फोन ठेवला.

थेंब कशानं टाकायचा, हा प्रश्न होता. दादांना साखर आहे. फ्रिजमध्ये इन्शुलिन आणि कपाटात बारीक सुयांचं पाकीट असतं. बायकोनं ड्युटीवरून आल्या आल्या पदर खोचला, हात धुतले, सुई फोडली आणि माझ्याकडं पेशंटच्या नातेवाइकाकडं बघावं तसं बघितलं.

"बाजूला सरका. उजेड सोडा."

"सूनबाई," दादा काळजीनं म्हणाले, "माझी सुई वापरू नगं बरं."

"नवीन आहे, दादा."

"मग राती मला?"

"तुम्हाला पण नवीनच."

तिनं एकेका सांध्यावर थेंब सोडला. हात जराही हलला नाही. थेंब सोडला की मुलगी ती हातोडी बोटानं डुलवायची आणि मोजायची. मला बसायला सांगितलं होतं. लांब.

म्हणून मी पट्ट्या काढायला घेतल्या. एकेक पट्टी खिळ्यावरून अलगद उचलून दादांच्या गोधडीवर मांडत गेलो. आता तुम्ही म्हणाल, ह्यानं अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांची मिसळ केली असणार. केलीच. गोधडी पंख्यानं उडत होती, म्हणून दादांनी ती नीट ओढली आणि सगळ्या पट्ट्या एका ढिगात आल्या. मग दादांनी मदत म्हणून ढिगातल्या लांब पट्ट्या एकीकडं, आखूड एकीकडं अशा पेंढ्या बांधल्या. पण प्रत्येक पट्टीच्या लाकडावर आकडा ठोकलेला असतो. ज्यानं तो ठोकला, त्या परदेशी कारागिराला माझ्यासारखी माणसं जगात आहेत हे ठाऊक होतं. मी मनातल्या मनात त्याच्या पाया पडलो.

पट्ट्यांखाली आमच्या अक्षता होत्या, झेंडूच्या पाकळ्या होत्या, कुंकू होतं. त्याच्याखाली जुना काळ होता: पेन्सिलचा तुकडा, दोन हेअरपिना, एक वाळलेलं झुरळ. आणि डावीकडून अकराव्या पट्टीखाली, जिथं पट्टीचं पुढचं टोक येऊन नमद्याच्या गोल चकतीवर टेकतं, तिथं चकतीत रुतून बसलेलं शर्टाचं बटण. शिंपल्याचं, चार भोकांचं, पातळ.

"मम्मी, पप्पांना सांग, ती पट्टी टकटक करायची," मुलगी म्हणाली. "दाबली की सुरासोबत टक व्हायचं. टीचरकडं पण व्हायचं."

मला केवढा आनंद झाला म्हणता! म्हणजे मी पियानो बिघडवला होता खरा, पण एक जुना आजार बरासुद्धा केला होता. हिशेब अगदीच तोट्याचा नव्हता. बटण मी टाकायला निघालो, तर दादांनी हात धरला.

"आरं, शिपल्याचं हाय. आता मिळतंय व्हय असं?" त्यांच्या सणाच्या नेहरू शर्टाचं दुसरं बटण गेलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोकडून ते शर्टाला लावून घेतलं.

शनिवारी सकाळी मी आकड्यांप्रमाणं पट्ट्या लावल्या, यंत्र आत बसवलं, स्क्रू आवळले. मुलीनं वरून खालपर्यंत सगळ्या पट्ट्या दाबल्या. सातही हातोड्या जाऊन परत आल्या. एकही भिंतीला टेकली नाही. बायको हसली. दादांनी उदबत्ती लावायला घेतली. ती काढून घेतली.

इथं थांबायचं होतं. पण मेंटेनन्सच्या माणसाला काम झाल्यावर एकदा "चेक" करायची खोड असते. मी एक पट्टी हळूहळू, डोळा लावून दाबली. हातोडी तारेकडं निघाली, निघाली, आणि तारेच्या अगदी जवळ जाऊन थबकली. आणि मागं पडली. तारेला लागलीच नाही! दुसरी पट्टी दाबली. तीच गत. तिसरी, तीच.

"पोचतच नाही!" मी म्हणालो. "स्पिरिटनं काहीतरी आखडलंय."

"पण वाजतंय की, अहो," बायको म्हणाली.

"नशिबानं वाजतंय. तारेपर्यंत नीट पोचलं तर किती वाजेल!"

प्रत्येक हातोडीसमोर एक बारका स्क्रू होता. फिरवला की त्या थबकण्याची जागा पुढं-मागं होते, एवढं माझ्या ध्यानात आलं. मी पाच स्क्रू फिरवले. आता हळू दाबलं तरी हातोडी थेट तारेला जाऊन टेकत होती. मी हात पुसले आणि मुलीला म्हणालो, "वाजव."

ठप.

तिनं परत दाबलं. ठप. पाचही पट्ट्या, ठप ठप. उशीत बुक्की मारल्यासारख्या.

मुलीनं आईकडं बघितलं. यावेळी निरोपसुद्धा दिला नाही. तिचे डोळे भरले होते, आणि मला पहिल्यांदाच खरोखर भीती वाटली. पाच वर्षं ही पोरगी रिक्षानं छावणीला जात होती, आणि सोमवारी टेम्पो येणार होता तो माझ्यामुळं.

दादा खुर्ची ओढून पियानोजवळ आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ठप करणारी पट्टी दाबली आणि आत वाकून बघत राहिले. मग शेजारची, बरी असलेली पट्टी दाबली. परत ठपवाली. परत बरी.

"ही सुटतीय," बऱ्या हातोडीकडं बोट करून ते म्हणाले. "आन् ही सुटत नाय. तू सुटू देईना झालास तिला."

"म्हणजे?"

"आरं, गोफण इसरलास व्हय?" चितेगावच्या शिवारात आमची ज्वारी होती आणि दादा माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायचे, हे मला आठवतं. "गोफणीला दोन पदर असत्यात. एक बोटात अडकवायचा, एक नुस्ता चिमटीत धरायचा. गरागरा फिरवायची, आन् ऐन वक्ताला चिमटीतला पदर सोडायचा. मग धोंडा जातो. पदर सोडलाच नाय, तर धोंडा कुठं जातो?"

"कुठं?"

"तुझ्या टाळक्यात. दुसरीत होतास. खूण हाय अजून."

माझा हात आपोआप भुवईच्या वर गेला. खूण आहे.

"ही हातोडी फेकायची असती, लेका," दादा म्हणाले. "नेऊन ठिवायची नसती. थाळी वाजवून तिच्यावर हात ठिवलास तर थाळी वाजंल का?"

मी परत डोळा लावून बघितलं, आणि दिसलं. तो बोटाच्या पेराएवढा ठोकळा हातोडीला ढकलत नेतो, आणि तारेच्या अगदी अलीकडं तो स्क्रूच्या टोकाला अडून बाजूला घसरतो. हातोडी तिथून पुढं एकटी जाते. कुणाचा हात नाही, धक्का नाही. आपल्या जोरावर जाते, आपटते आणि लगेच मागं येते, म्हणून तार मोकळी गाते. मी तो स्क्रू फिरवून ठोकळ्याला घसरूच दिलं नव्हतं. हातोडी तारेला धरून बसत होती.

सव्वीस वर्षं मशीनसमोर उभं राहून मला जे कळलं नाही, ते दादांना दोन पट्ट्या दाबून कळलं. मी एवढंच म्हणालो, "हां, तेच मी म्हणत होतो." ते कुणीही मनावर घेतलं नाही.

स्क्रू किती फेरे फिरवले होते? दोन? अडीच? मला आठवेना. पुण्याच्या माणसाला परत फोन केला. त्यानं आधी देवाचं नाव घेतलं आणि मग सांगितलं: पट्टी हळू दाबा, तारेपासून आगकाडीच्या जाडीएवढ्या अंतरावर हातोडी सुटली पाहिजे. मग मी स्क्रूवर आणि मुलगी पट्टीवर. तिच्या हातात आगकाडी.

"पप्पा, अजून थोडा," ती म्हणाली. "अजून. बास बास! जास्त झालं. अर्धा मागं."

दोन दिवसांत ती पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलत होती. पाचव्या स्क्रूला मी मुद्दाम जरा जास्त वेळ लावला.

रविवारी चार वाजता टीचर रिक्षातून उतरल्या. फुलाफुलांचा फ्रॉक, हातात छत्री, पायांत कॅनव्हासचे बूट. आत येऊन त्यांनी नाक वर केलं.

"दवाखान्याचा वास येतो."

"ही नर्स आहे ना," मी म्हणालो. बायकोनं चहाचा कप माझ्यासमोर जरा जोरात ठेवला.

मुलगी बसली. तीन पायाचा बैल उठला आणि यावेळी थेट पोळ्याच्या मिरवणुकीसारखा झुलत निघाला. शेवटापर्यंत गेला. एकही पट्टी अडली नाही, एकही हातोडी टेकली नाही. टीचर डोळे मिटून ऐकत होत्या, मान तिच्या तालावर. मी खुर्चीत सैल झालो.

"बहुत अच्छे," टीचर म्हणाल्या. मग उठल्या, मुलीला सरकवून स्वतः स्टुलाच्या कडेवर बसल्या आणि बरोबर डावीकडून अकरावी पट्टी दाबली.

थांबल्या. परत दाबली. कान जवळ नेला. परत दाबली.

"टक कुठंय?"

मी रिकामा कप तोंडाला लावला.

"इसमें एक टक था," टीचर म्हणाल्या. "टक कुठं गेला?"

"हवा बदलली ना, टीचर," मी म्हणालो. "छावणीपेक्षा इकडं जरा कोरडी..."

"पप्पा!" मुलगी म्हणाली.

"खोललाय कोणी?"

"खोलला ना!" दादा अभिमानानं म्हणाले. त्यांना वाटलं कौतुक चाललंय. "समदा खोलला! ह्यानं तेल घातलं, मग सूनबाईनं सुया दिल्या, मग ह्यानं पुन्हा बिघडवला, मग म्या गोफण सांगितली. कचरा निघाला बगा पसाभर. तांदूळ तेवढे आमचे. बाकी तुमचा!" आणि त्यांनी छाती ठोकली.

टीचरांची नजर तिथंच थांबली. छातीवर. त्या उठल्या, चष्मा नीट केला आणि दादांच्या शर्टावर वाकल्या. दादा खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकले.

"हे बटण माझं आहे," टीचर म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. पियानो तर गेलाच, वर चोरीचा आळ. पण टीचर स्टुलावर परत बसल्या आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी कळेना की काय होतंय. त्या हसत होत्या.

"आठ वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "पप्पा रोज दोन घंटे बसवायचे. बाहेर सगळी मुलं खेळतायत, आणि मी पट्ट्यांवर. एक दिवस रागानं शाळेच्या ब्लाऊजचं बटण तोडलं आणि फटीत ढकललं. म्हटलं, मरू दे एकदाचा. मेला नाही. टक करायला लागला. बटण कुठं गेलं म्हणून मार पडला तो वेगळा."

"मग कुणाला सांगितलं नाही?" मुलीनं विचारलं.

"कसं सांगणार? तो सूर लावणारा दरवर्षी म्हणायचा, टीचर, एक पट्टी काढू द्या, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हणायची, नक्को. खोललं की पोल खुली. पप्पा जाऊन जमाना झाला, तरी नक्को." त्यांनी डोळे पुसले. "आणि तुम्हा मुलांना काय शिकवत आले? पियानोला कधी दुखवू नका."

मग त्यांनी हात पुढं केला. "लाओ."

"ते बी खरंय, बाई," दादा म्हणाले, "पर मी काय उघडा बसू?"

बायकोनं कात्रीनं बटण काढलं आणि दादांना सेफ्टी पिन लावली. पुढची फळी मी टीचरांच्या डोळ्यांदेखत काढली. माझ्या हातांना आता सवय झाली होती. चार मिनिटांत अकरावी पट्टी बाहेर होती. टीचरांनी स्वतः वाकून बटण नमद्याच्या चकतीवर ठेवलं, अंगठ्यानं दाबलं. मी पट्टी बसवली. त्यांनी वाजवली.

टक.

"हां," टीचर म्हणाल्या. "आता तोच आहे." आणि पर्समधून फोन काढून शाळेत लावला. दुसरा पियानो बघा म्हणाल्या, हा एका घरात रुळलाय.

जाताना दारात त्या माझ्याकडं वळल्या. "तेल?"

"नाही, टीचर."

"थेंब?"

"नाही."

मग दादांकडं. "पूजा करा, पण ढक्कन बंद."

"तोंड झाकून?" दादा म्हणाले. पण पहिल्यांदाच कुठल्या तरी बाबतीत त्यांनी माघार घेतली. पुढच्या खंडेनवमीला अक्षता स्टुलावर वाहायच्या असं ठरलं. स्टूलही फिरतं, म्हणजे नियमात बसतं.

दादांच्या सणाच्या शर्टाला अजून सेफ्टी पिनच आहे. बायकोनं दोनदा नवं बटण काढून ठेवलं, ते लावू देत नाहीत. "माझं बटण हाय," म्हणतात, "कामावर गेलंय." मुलगी सरावाला बसते, बैल चालू लागतो, आणि खालच्या सुरांत कुठंतरी टक होतं. दादा आतल्या खोलीतून हटकून आवाज देतात.

"वाजलं माझं!"